कोरोनाच्या सुरुवातीच्या काळात खानदेशातील लोक नेमके कशाला घाबरले होते?

आजाराहून अधिक माणसांना, असे मला वाटते. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा आमच्याकडील कित्येक गावांनी सुरत-मुंबईहून परतणाऱ्या आपल्याच लेकरांसमोर बाभळीच्या काट्या टाकून रस्ते अडवले. त्याआधी कोंबडीच्या मांसातून विषाणू पसरतो ही अफवा उठली होती, जी सर्वस्वी खोटी होती. परंतु २००६ मध्ये देशातील पहिल्या बर्ड फ्लूचा फटका सोसलेल्या नवापूरच्या कुक्कुटपालकांसाठी ती खपली काढणारी ठरली. सावधगिरी आवश्यकच होती. मात्र गावातील शाळेची खोली विलगीकरणासाठी देता येत असताना काहींना शिवारात झोपावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.