रिक्त, रिकामी की खाली?

प्रश्न असा आहे : १८८१च्या अमेरिकी सिनेटवर लिहिताना ‘ऑक्टोबरमध्ये तीन जागा खाली होत्या’ असं लिहिलं, संपादकांनी ‘रिक्त’ केलं. काय बरोबर? आणि त्या भरल्या त्याला ‘पोटनिवडणूक’ म्हणावं का?

‘खाली’ तर नकोच. तो हिंदीचा वापर. मराठीत जागा खाली म्हणजे तळमजल्यावर! पण या प्रसंगात ‘रिक्त’ही सगळीकडे बसत नाही.

त्या सिनेटमध्ये ७६ सदस्य. रिपब्लिकन ३७, डेमोक्रॅट ३७. उरले दोघे : इलिनॉयचे अपक्ष डेव्हिड डेव्हिस आणि व्हर्जिनियातल्या ‘रीअ‍ॅडजस्टर’ या स्थानिक पक्षाचे विल्यम महोन. डेव्हिस डेमोक्रॅटांकडे झुकले, महोन रिपब्लिकनांकडे, म्हणजे पुन्हा बरोबरी. मग सिनेटचे पदसिद्ध सभापती असलेले उपाध्यक्ष चेस्टर आर्थर यांचं निर्णायक मत. मे महिन्यात न्यूयॉर्क बंदराच्या कलेक्टरच्या, म्हणजे जकात गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नेमणुकीवरून राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्याशी बिनसलं आणि रॉस्को काँकलिंग व थॉमस प्लॅट या न्यूयॉर्कच्या दोन्ही रिपब्लिकन सिनेटरांनी राजीनामे दिले. इथे दोन जागा ‘रिक्त’ झाल्या, निर्विवाद. सप्टेंबरमध्ये ऱ्होड आयलंडचे रिपब्लिकन सिनेटर बर्नसाइड वारले, तिसरी. त्याच महिन्यात गारफिल्ड गेले, आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले आणि उपाध्यक्षपदही रिक्त झालं.

१० ऑक्टोबरला सिनेट भरली तेव्हा मात्र तिन्ही जागांवर नवे रिपब्लिकन निवडून आलेले होते. शपथ तेवढी बाकी होती. आधी सिनेटचा हंगामी अध्यक्ष (उपाध्यक्ष नसताना सभागृह चालवणारा) निवडा, शपथा नंतर, असा डेमोक्रॅटांचा आग्रह, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी आपले बेयर्ड निवडून घेतले. नवे सदस्य आत आल्यावर तीनच दिवसांत बेयर्ड यांच्या जागी डेव्हिस आले. तेव्हा ‘तीन जागा रिक्त असल्याने डेमोक्रॅटांचं बहुमत’ असं लिहिलं तर सगळा डावच वाचकाच्या नजरेतून सुटेल. ‘तीन नवनिर्वाचित सदस्यांचा शपथविधी व्हायचा होता’ असं सरळ लिहा.

‘रिकामी’ खुर्चीला लागतं, ‘रिक्त’ पदाला. सदस्य आजारी म्हणून घरी असला तर खुर्ची रिकामी दिसते, पद रिक्त होत नाही. १० ऑक्टोबरला ‘तीन खुर्च्या रिकाम्या’ हे चालेल.

‘पोटनिवडणूक’ चूक नाही. पोटकलम, पोटभाडेकरू यांतलंच हे ‘पोट’. राज्यसभेची एखादी जागा मध्येच भरली तरी आपण पोटनिवडणूकच म्हणतो, आणि तिथेही आमदारच मत देतात. अडचण एवढीच, की नुसता शब्द वाचून डोळ्यांपुढे मतदान केंद्र आणि शाई लावलेलं बोट येतं. सिनेटर थेट जनतेतून निवडण्याचा नियम १९१३च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आला. त्याआधी राज्याचं विधिमंडळ ते काम करी. काँकलिंग आणि प्लॅट तर ऑल्बनी या न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीतल्या विधिमंडळाकडून पुन्हा निवडून यायच्या हिशोबाने बाहेर पडले होते. तिथे फेऱ्यांवर फेऱ्या होत जुलै उजाडला आणि दोघेही बाहेरच राहिले. म्हणून ‘विधिमंडळातली पोटनिवडणूक’ असं लिहा, निदान पहिल्या उल्लेखाला तरी.