मुलीचा प्लॅन राहू द्या, आधी ते कार्ड शोधा

प्रश्न : मी 42 वर्षांची, चिंचवडला खासगी शाळेत शिक्षिका आहे. पगार 22 हजार, संध्याकाळच्या शिकवण्यांचे 14 हजार. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. ओळखीचे एजंट मुलीच्या शिक्षणासाठी एक प्लॅन सांगतात : वर्षाला 60 हजार, 12 वर्षं भरायचे, 15 वर्षांनी 12 लाख मिळणार. माझ्याकडे 60 हजार बाजूला आहेत. घ्यावा का? महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडला आहे.
ता. क. : हे पैसे माझ्या ऑपरेशनसाठी ठेवले होते. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) आहे, हिमोग्लोबिन 8.2. पण ते मुलीची दहावी झाली की करू. एजंट म्हणतात, एक मेडिक्लेमही घेऊन टाका, फॉर्मवर आजाराचं लिहू नका. कंपनीच्या पॉलिसीत मी आहे वाटतं, कार्ड ह्यांच्याकडे असेल.

उत्तर : प्लॅनचं आधी उरकून टाकू. भरायचे 7 लाख 20 हजार, मिळायचे 12 लाख. परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ आज 7.1 टक्के देतो. शिवाय 15 वर्षांनी तुमची मुलगी 29 वर्षांची असेल. तिला कॉलेजची फी लागणार साडेतीन वर्षांत. हे कसलं शिक्षण? घेऊ नका.

आता ता. क. कडे येतो, कारण खरं पत्र तिथेच आहे.

तुमचा तक्ता मी नीट वाचला. मुलाचा अबॅकस, मुलीचा गणिताचा क्लास, सासऱ्यांच्या गोळ्या, गाडीचा हप्ता, सगळं व्यवस्थित. तुमच्या स्वतःच्या नावापुढे एकच आकडा आहे : मोबाइल रिचार्ज 299. ना तपासण्या, ना लोहाच्या गोळ्या. एकटे ते 60 हजार तुमच्यासाठी होते आणि तेही तुम्ही एजंटाच्या स्वाधीन करायला निघालात.

भावनेचं बाजूला ठेवू, हिशेबच करू. तुमची कमाई महिन्याला 36 हजार, म्हणजे वर्षाला सव्वाचार लाखांच्या वर. 58व्या वर्षापर्यंत काम केलंत तर पगारवाढ न धरताही जवळपास 70 लाख होतात. घरातली ही दुसरी मिळकत, आणि ती 8.2 हिमोग्लोबिनवर उभी राहून फळ्यावर लिहिते आहे. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त, 54 टक्के महिला रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणून ‘बायकांना असतंच’ असं घरोघरी म्हटलं जातं.

दहावीनंतर म्हणजे दीड वर्ष. तोपर्यंत फायब्रॉइडमुळे रक्त जातच राहणार. ऐन बोर्डाच्या फेब्रुवारीत तुम्हाला अचानक दाखल करावं लागलं, तर मुलीचा अभ्यास सांभाळायचा म्हणून केलेल्या सगळ्या आटापिट्यावर पाणी. ठरवून केलं तर दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी हाताशी आहे. हिमोग्लोबिन इतकं कमी असताना भूलतज्ज्ञ सहसा लगेच तयार होत नाहीत. ते वाढवायलाच काही आठवडे जातात, त्यामुळे ते काम आजच सुरू करा. गोळ्यांवर भागेल, नुसती गाठ काढायची की गर्भाशय, हे मी सांगणार नाही. पण दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली गेल्याच्या तक्रारींवर 2019 मध्ये सरकारला चौकशी लावावी लागली होती. हजार रुपयांची तपासणी फी इथे वाचवू नका.

खर्चाचं म्हणाल, तर ‘कार्ड ह्यांच्याकडे असेल’ या वाक्यात तुमचं उत्तर दडलंय. कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत पत्नी बहुधा असतेच आणि आधीपासूनचे आजारही बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरतात. मिस्टरांना उद्या एचआरकडे पाठवा. तुमचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे का, या शस्त्रक्रियेला काही मर्यादा आहे का, कॅशलेस रुग्णालयं कोणती, हे लेखी आणायला सांगा. खोलीभाड्याची मर्यादा मुद्दाम विचारा. विमा 3 लाखांचा आणि मर्यादा एक टक्का असेल, तर खोली दिवसाला 3 हजारांची. तुम्ही 6 हजारांची घेतलीत तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरांच्या फीसकट बिलाचा मोठा भाग त्याच प्रमाणात कापतात. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर हे कळणं फार महागात पडतं. पॉलिसीत नाव नसेलच, तर रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. तुमची शस्त्रक्रिया त्यात बसते का आणि कोणत्या रुग्णालयात होते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा.

आणि तो मेडिक्लेमचा फॉर्म. ‘लिहू नका’ सांगणारा एजंट क्लेम नाकारल्यावर फोन उचलत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तारीख असते हो! सही तुमची, खोटं तुमचं. शिवाय नव्या पॉलिसीत फायब्रॉइडसारख्या शस्त्रक्रियांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत. म्हणजे या ऑपरेशनला तिचा उपयोग शून्य. स्वतंत्र पॉलिसी मात्र हवीच, कारण कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते. ती घ्या, सगळं खरं लिहून घ्या, हप्ता वाढला तरी. वैयक्तिक आरोग्य विम्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही. तुमच्या नावाचा टर्म इन्शुरन्स (निव्वळ आयुर्विमा) हिमोग्लोबिन ताळ्यावर आलं की बघू. आत्ता अर्ज केलात तर कंपनी बहुतेक ‘नंतर या’ म्हणेल.

मुलीसाठी? ऑपरेशन आणि विश्रांती झाली, शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या, की महिन्याला 5 हजारांची आवर्ती ठेव. तीन वर्षांत दोन लाखांच्या घरात जाईल. फी भरायच्या वेळी हातात असेल.

एजंटाला प्लॅनचा चेक दिलाच असेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात सोडून पैसे मिळतात. तो म्हणेल, ‘दोन-तीन हप्ते भरा, मग बघू.’ त्याच्याकडे अर्ज देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः द्या आणि पोच घ्या.