मशीन एम्ब्रॉयडरीत मराठी नाव भरताना खाली गुंता होतो, पांढरा दोरा वर दिसतो, चुण्या पडतात, शिरोरेषा सुटते. टेन्शन (दोऱ्याचा ताण) किती ठेवावं?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: एका सुईची घरगुती मशीन, १०० × १०० मिमीची फ्रेम, होजियरीचा टी-शर्ट आणि त्यावर ‘श्रीनिवास’ हे नाव. कधी कापडाखाली दोऱ्याचा गोळा होतो, कधी बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, पांढरा दोरा वर डोकावतो. फ्रेम काढली की नावाभोवती चुण्या दिसतात आणि शिरोरेषा अक्षरांपासून सुटलेली असते. टेन्शन २ पासून ८ पर्यंत फिरवून झालं, आता दुकानदार सर्व्हिसिंग करा म्हणतोय.

सर्व्हिसिंग थांबवा आणि टेन्शन मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या मूळ आकड्यावर परत आणा. खाली गोळा होतो तेव्हा वरचा दोरा मोकळा सुटलेला असतो. पांढरा दोरा वर येतो तेव्हा खालचा मोकळा असतो किंवा वरचा जास्त ताणलेला असतो. दोन्ही दोष आलटून पालटून येत असतील तर दोष आकड्यात नाही, दोरा ओवण्यात आहे.

आधी गुंता सोडवू. फ्रेम ओढू नका, सुई वाकते आणि शटलला (खाली टाका गुंफणाऱ्या भागाला) ओरखडा पडतो. मशीन बंद करा, फ्रेम जेमतेम उचलता येईल तेवढी उचलून कापड आणि प्लेट यांच्यामधले दोरे छोट्या कात्रीने कापा. मग सुईखालची प्लेट उघडा, बॉबिन केस बाहेर काढा आणि आतला लिंट व दोऱ्याचे तुकडे ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका. फुंकरीने लिंट आणखी आत जातो आणि ओलही लागते.

आता वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, आणि ओवताना प्रेसर फूट वर उचललेलाच हवा. फूट वर असतो तेव्हाच टेन्शनच्या चकत्या उघडतात. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या मध्ये न जाता वरूनच जातो, आणि मग आकडा २ असो वा ८, दोऱ्याला काहीच कळत नाही. ओवून झाल्यावर तपासा: फूट वर असताना सुईजवळचा दोरा ओढला तर तो सहज यायला हवा, फूट खाली केल्यावर चांगला जोर लागायला हवा, इतका की बारीक सुई किंचित वाकेल. फरक जाणवला नाही तर पुन्हा ओवा. वर-खाली होणाऱ्या दांडीच्या फटीत दोरा बसलाय ना, तेही बघा. ती फट चुकली की पहिल्या चार-पाच टाक्यांतच खाली गोळा होतो. रीळ आडवं असेल तर टोपी रिळाच्या आकाराची लावा. रिळाच्या कडेच्या खाचेत दोरा अडकून तुटतो आणि दोष सुईला दिला जातो.

बॉबिन वरून टाकायचं असेल तर बहुतेक मशीनमध्ये दोरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. तो केसच्या खाचेतून नेऊन पातळ पत्र्याच्या स्प्रिंगखाली सरकवायचा असतो. बॉबिन बोटाने हलकेच दाबून दोरा ओढा, थोडा अटकाव जाणवला पाहिजे. तो स्प्रिंगखाली गेला नसेल तर पांढरं वर दिसणारच. बॉबिनमध्ये ४० नंबरचा रंगीत दोरा भरू नका, तिथे ६० किंवा ९० नंबरचा बारीक बॉबिन दोरा लागतो. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. आणि बॉबिन कंपनीने सांगितलेल्या मापाचंच घ्या. बाजारातली ‘सगळ्या मशीनला चालतात’ म्हणून विकली जाणारी बॉबिनं उंचीला मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतात, आणि तेवढ्याने टाका बिघडतो.

सुई नवीन लावा. होजियरीसाठी बॉलपॉइंट ७५/११, कारण टोकदार सुई विणीचा धागा कापते आणि धुतल्यावर तिथे भोक पडतं. बहुतेक घरगुती मशीनमध्ये सुईची सपाट बाजू मागे येते. सुई वरपर्यंत ढकलून स्क्रू आवळा. साधारण आठ तास प्रत्यक्ष शिलाई झाली की सुई बदलायची, तुटेपर्यंत वाट बघायची नाही. वरचा दोरा टी-शर्टसाठी पॉलिएस्टर ४० घ्या. रेयॉनची चमक सुंदर असते, पण ओला झाला की तो कमजोर पडतो, आणि टी-शर्ट सतत धुतला जातो.

एवढं झालं की चाचणी घ्या. टी-शर्टवर नाही, जाड सुती कापडावर. त्याखाली स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारं अस्तर) लावून २५ मिमी उंच, ४ मिमी रुंद अशी सॅटिन टाक्याची (एकमेकांना लागून घातलेल्या दाट टाक्यांची) एक उभी पट्टी भरा आणि उलटी करून बघा. मधल्या एक तृतीयांश भागात पांढरं आणि दोन्ही कडांना रंगीत दोरा दिसला तर टेन्शन बरोबर आहे. मागे पांढरं दिसतच नसेल तर वरचं टेन्शन अर्ध्या-एका आकड्याने वाढवा, पांढरं फार पसरलं असेल तर तेवढंच कमी करा. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावण्याची गरज क्वचितच पडते. लावलाच तर आधी खाचेची दिशा पेनाने खूण करून ठेवा आणि घड्याळातल्या पाच मिनिटांइतकंच फिरवा.

चुण्यांचं कारण मात्र वेगळं आहे. मशीन घेताना फ्रेममध्ये कापड ढोलासारखं ताणून बसवा असं सांगतात. सुती कापडाला ते ठीक आहे, होजियरीला घातक. ताणलेली वीण तशीच टाक्यांनी बांधली जाते, फ्रेम सोडली की आजूबाजूचं कापड मूळ जागी परततं, नावाखालचं परतू शकत नाही. मधल्या फरकाच्या चुण्या होतात आणि इस्त्रीने त्या जात नाहीत.

म्हणून टी-शर्ट आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड आटायचं ते आधीच आटू दे. खाली कट-अवे, म्हणजे फाडून नाही तर कापून काढायचा स्टॅबिलायझर घ्या, ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम) आसपासचा, फ्रेमच्या चारही बाजूंना इंचभर जास्त. फाडून काढायचा कागद इथे नको. सॅटिनच्या दाट टाक्यांनी त्याला रांगेने भोकं पडतात आणि भरता भरताच आधार सुटतो. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच. फ्रेममध्ये फक्त स्टॅबिलायझर घट्ट बसवा. त्यावर तात्पुरत्या चिकटपणाचा स्प्रे मारा, पण मशीनपासून लांब, नाहीतर तो गोंद सुईवर आणि शटलवर बसतो. मग टी-शर्ट न ओढता तळहाताने सपाट टेकवा. मशीनमध्ये डिझाइनभोवती लांब टाक्यांची कच्ची चौकट घालण्याची सोय असेल तर ती आधी घाला, नसेल तर हाताने धावदोरा घाला. टी-शर्टचा बाकीचा भाग फ्रेमखाली जात नाही ना, हे बोट फिरवून बघा. पुढचा आणि मागचा भाग एकत्र शिवला जाण्याचे प्रकार फार होतात. सुरुवातीला वेग मिनिटाला ४०० टाके पुरे.

भरून झाल्यावर स्टॅबिलायझर टाक्यांपासून अर्धा सेंटिमीटर सोडून गोल कापा. तो कायम आत राहायचा असतो, धुलाईत नावाला तोच धरून ठेवतो.

आता शिरोरेषा. मराठी नावांचं खरं कसब इथे आहे आणि इंग्रजी अक्षरं भरून ते हाती येत नाही. सॅटिनचा टाका ज्या दिशेने जातो त्या दिशेने कापड आत ओढतो. काना उभा, त्याचे टाके आडवे, म्हणून काना रुंदीला बारीक होतो. शिरोरेषा आडवी, तिचे टाके उभे, म्हणून ती जाडीला बारीक होऊन अक्षरापासून वर सरकते. स्क्रीनवर दोन्ही चिकटलेले दिसतात, होजियरीवर मध्ये फट पडते. त्यामुळे डिझाइनमध्येच काना शिरोरेषेच्या कडेला थांबवू नका, तिच्या निम्म्या जाडीपर्यंत आत घुसवा. होजियरीसाठी पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे हे आक्रसणं भरून काढायला रेघेला दिलेली जादा रुंदी, ०.३ ते ०.४ मिमी ठेवा. टाक्यांतलं अंतर ०.४ मिमी पुरतं. आणखी दाट केलं तर दोरा तुटतो आणि कापड कडक होतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी पूर्ण नावाखाली विरळ अंडरले (पायाचे टाके), म्हणजे कापड स्टॅबिलायझरला धरलं जातं. मग अक्षरं, मधल्या अक्षरापासून बाहेरच्या बाजूंना. शिरोरेषा सर्वांत शेवटी, पूर्ण नावाची एकच सलग पट्टी. अक्षरागणिक तुकडे ठेवले तर प्रत्येक जोडावर टाके दुहेरी बसून गाठीसारखा उंचवटा येतो. वेलांटीची वरची कमान शिरोरेषेआधी भरा, म्हणजे तिची मुळं झाकली जातात.

‘श्री’मधली रकाराची तिरकी रेघ आणि ‘नि’ची ऱ्हस्व वेलांटी बघा. एम्ब्रॉयडरीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मराठी थेट टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते किंवा जोडाक्षर फुटून ‘श् री’ असं होतं. सरळ मार्ग असा: इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव युनिकोडमध्ये टाइप करा, त्याचं पाथमध्ये (अक्षरांच्या बाह्यरेषांमध्ये) रूपांतर करा, त्यावरून अक्षरांच्या मधोमध रेघा काढा आणि इंक/स्टिच या जोडणीतून त्यांचं सॅटिन करा. दोन्ही मोफत आहेत. फाइल मशीनच्या प्रकारात साठवा: ब्रदरसाठी पीईएस, जानोमेसाठी जेईएफ. डीएसटी फाइलमध्ये खरे रंग साठवलेले नसतात, त्यामुळे स्क्रीनवर भलतेच रंग दिसले तर घाबरू नका.

४० नंबरच्या दोऱ्याने होजियरीवर नाव भरायचं तर शिरोरेषेपासून खालचं अक्षर १५ मिमीपेक्षा लहान करू नये असं माझं मत आहे, आणि कुठलीही रेघ १.२ मिमीपेक्षा बारीक नको. त्याहून लहान केलं तर ‘श्र’च्या डोक्यातली पोकळी भरून जाते. तयार डिझाइन मशीनच्या पडद्यावर १० टक्क्यांपेक्षा जास्त लहान करू नका. अनेक मशीन टाक्यांची संख्या तेवढीच ठेवतात आणि तेच टाके कमी जागेत कोंबले जातात.

सर्व्हिसिंगला कधी न्यायची? नवीन सुई, नीट ओवलेला दोरा आणि साधं सुती कापड असूनही टाके सुटत असतील तर. सुई फ्रेमवर आपटल्यानंतर हे सुरू झालं असेल तर सुई आणि शटलचा मेळ बिघडलेला असू शकतो, तो घरी जुळवू नका. सुईच्या प्लेटच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे ओरखडा आहे, दोरा तिथेच चिरतो, आणि बहुधा प्लेट बदलून काम भागतं. नेताना वरची चाचणीची पट्टी, वापरलेली सुई आणि दोन्ही दोरे बरोबर न्या. कारागिराला पट्टीची उलटी बाजू बघून निम्मं निदान तिथेच करता येतं.