अनुदान निकालाशी जोडावे का?

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात शिकते. वर्गात मुले असोत वा नसोत, प्राध्यापकांचे पगार शासनाकडून होतात. त्याऐवजी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले यावर अनुदान दिले, तर विद्यापीठे आणि महाविद्यालये अधिक कार्यक्षम होणार नाहीत का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. महाराष्ट्रात अनुदानाचा मोठा भाग मंजूर पदांच्या वेतनावर जातो आणि विद्यार्थी काय शिकले, याचा त्या हिशेबाशी काहीच संबंध नसतो. पण मंजूर पदांपैकी कित्येक पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, हेही ध्यानात घ्यायला हवे. निवृत्त प्राध्यापकाच्या जागी तासिका तत्त्वावर कोणीतरी येतो, त्याला घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते आणि तेही अनेकदा महिनोन्महिने रखडते. दर पदवीधरामागचा खर्च एवढाच निकष धरला, तर असे महाविद्यालय कमालीचे कार्यक्षम ठरेल. तिथे आपल्या मुलीला कोणी शिकवते का, हा प्रश्न मात्र तसाच राहील.

आपण सुचवता तशी पद्धत डेन्मार्कने १९९० च्या दशकात स्वीकारली. तिला तिथे 'टॅक्सीमीटर' म्हणतात. विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण झाला की विद्यापीठाला ठरलेली रक्कम मिळते, नापास झाला किंवा परीक्षेलाच बसला नाही तर मिळत नाही. मग सर्वांना पास करून टाकण्याचा मोह होणार, हे उघड आहे. तो आवरायला तिथे बाहेरच्या परीक्षकांची जुनी आणि भक्कम व्यवस्था आहे, आणि माझ्या मते टॅक्सीमीटरचा खरा टेकू तोच आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७९ मध्ये अनुदानाचा लहानसा हिस्सा कामगिरीशी जोडला आणि २०१० च्या कायद्याने जवळपास सगळे सूत्रच पदव्या, प्रमाणपत्रे अशा निष्पत्तीवर बेतले. पुढे झालेल्या अभ्यासांत चार वर्षांच्या पदव्यांमध्ये लक्षणीय वाढ आढळली नाही. वाढली ती अल्प मुदतीची प्रमाणपत्रे. जे मोजले जाते आणि लवकर देता येते तेच संस्था आधी देऊ लागतात, आणि त्यात त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही.

आता हे सूत्र आपल्याकडे लावून पाहा. अंतर्गत गुण महाविद्यालयच देते. विद्यापीठाचा स्वतःचा महसूल परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कावर मोठ्या प्रमाणात उभा असल्यामुळे शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेणे हेच त्याचे मुख्य काम होऊन बसते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने लांबले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. एवढ्या पसाऱ्यात अनुदानही निकालावर ठेवले, तर निकालाचा टक्का चढेल आणि पदवीची पत उतरेल, अशी मला दाट शंका आहे.

त्यामुळे निकालापेक्षा अनुदान येते कसे आणि केव्हा, हे आधी सुधारावे. प्रयोगशाळेचा किंवा संशोधनाचा निधी वर्षअखेरीस हाती पडला, की तो परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये घाईने निविदा निघतात, उपकरणे येतात, निधी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र रवाना होते आणि ती उपकरणे चालवायला तंत्रज्ञाचे पदच भरलेले नसल्याने खोकी तशीच पडून राहतात. या खर्चाला लेखापरीक्षक आक्षेप घेणार नाही, कारण कागद चोख असतात. तीन ते पाच वर्षांची रक्कम आधीच ठरवून द्यावी, विद्यार्थिसंख्येनुसार पदे खरोखर भरावीत आणि निष्पत्तीशी जोडायचाच तर छोटा हिस्सा जोडावा, तोही बाहेरच्या परीक्षकांची सोय झाल्यावर.

तोवर आपण एक गोष्ट करू शकता. आपल्या मुलीच्या विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर किती जण शिकवतात, ही माहिती माहितीच्या अधिकारात महाविद्यालयाकडे लेखी मागा.