‘भराव’ म्हणावे की ‘पुनःप्रापण’, आणि तो ‘शाश्वत’ कसा?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेच्या शिक्षिकेने विचारले आहे की, ‘दाटीवाटीच्या शहरात बंदरालगतच्या समुद्रातून जमीन मिळवणे कितपत शाश्वत आहे’ असा विषय विद्यार्थ्यांच्या वादविवादासाठी ठरला असून, त्यात इंग्रजी ‘रिक्लेमेशन’साठी ‘भूसंपादन’, ‘पुनःप्रापण’ आणि ‘भराव’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा आणि ‘शाश्वत’ हे विशेषण येथे शोभते का.

‘भूसंपादन’ मुळीच नको. त्यात जमीन आधीपासून असते, केवळ तिचा मालक बदलतो. रस्त्याखाली शेत गेलेल्या आपल्याकडच्या घरांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

‘पुनःप्रापण’ हा शब्द घडणीने शुद्ध आहे, पण मला तो खटकतो. पुन्हा मिळवायची वस्तू आधी आपली असावी लागते. मुंबईत आज जेथे मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंट आहेत, तेथे समुद्राने कोणाचे शेत गिळलेले नव्हते. तेथे समुद्रच होता. ‘पुनःप्रापण’ म्हणताच समुद्र अतिक्रमण करणारा ठरतो आणि वाद सुरू होण्याआधीच अर्धा निकाल लागतो.

‘भराव’ असा निकाल देत नाही. भरणे या साध्या क्रियापदापासून आलेला हा शब्द उच्चारला की, कशाने भरले आणि तेथे आधी जे होते ते कोठे गेले, हे दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. मुंबईतील बॅलार्ड इस्टेट हा भाग शेजारची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या मातीवर उभा राहिला. तेथे माती हाताशी होती. ती हाताशी नसेल तेव्हा डोंगर फोडून दगड आणावा लागतो किंवा समुद्रतळाची वाळू उपसावी लागते, आणि त्या डोंगराचा व त्या तळाचा हिशेबही भरावाच्याच खात्यावर मांडला पाहिजे.

येथे एक भेद मात्र पाळावा. समुद्राकडून मिळालेली प्रत्येक जमीन भरावाची नसते. गोव्यातील खाजण शेती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल: खाडीच्या कडेने बांध, बांधाला भरती-ओहोटीबरोबर उघडमीट होणारे ‘मानस’ नावाचे लाकडी दार, आणि आत भरतीच्या पातळीहून खाली असलेले भाताचे शेत. पाणी अडवून मिळालेली ही जमीन ‘बांधाची’ म्हणावी. मुंबईत वरळीची खाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्या बांधाने बंद झाली, त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणत. ‘वेलार्ड’ हा शब्दही बांध किंवा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज ‘वालादो’वरून आल्याचे मानतात. त्या बांधामागची सखल जमीन पुढे हळूहळू भरत गेली, तरी मोठ्या पावसात भरती आली की पाणी बाहेर काढण्यासाठी हाजी अली आणि वरळी येथे आजही पंप चालवावे लागतात.

आता ‘शाश्वत’. महाराष्ट्रात ‘शाश्वत विकास’ हा प्रयोग रुळला आहे आणि तो मोडू नये. आपल्या सीमाभागात मात्र एक अडचण आहे, जी पुण्यात बसून लक्षात येणार नाही. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरले की कन्नडमध्ये ‘शाश्वत परिहार’ मागितला जातो, म्हणजे कायमचा तोडगा. हा अर्थ रोज कानावर पडणारे मूल ‘शाश्वत भराव’ हे शब्द ‘कायम टिकणारा भराव’ असेच वाचणार. कन्नडमध्ये विकासाला ‘सुस्थिर’ हे विशेषण लावतात. पण मराठीत ‘सुस्थिर भराव’ म्हटले तर नीट बसलेली माती डोळ्यांपुढे येते.

माती बसणे ही निराळी गोष्ट आहे. वडगावकडे भाताच्या खाचरात घर बांधताना मी पाहिले की, जोत्यात तांबडा मुरूम टाकून त्यावर पाणी सोडले, धुमसाने ठोकला, आणि तरीही गवंडीमामा म्हणाले, “एक पावसाळा जाऊ दे, भरणी बसू दे.” पावसाळ्यानंतर भरणी वीतभर खाली गेली होती, तिच्यावर घर उभे राहिले आणि त्याला आजवर तडा गेलेला नाही. तो भराव टिकाऊ झाला. परंतु पूर्वी त्या खाचरात थांबणारे पाणी आता शेजाऱ्याच्या भातात चार दिवस तुंबते, आणि त्याचे रोप कुजते. गवंड्याच्या कामात खोट नाही. ‘टिकाऊ’ हा शब्द भरावापुरता पाहतो. आपल्याला हव्या असलेल्या शब्दात शेजाऱ्याचे भात आणि पुढची पिढी आली पाहिजे. बंदरात या शेजाऱ्याच्या जागी कोळ्यांची मासेमारी, तिवरांची झाडे आणि नदीचे समुद्राला मिळणारे मुख असते.

हाँगकाँगसारख्या अतिशय दाट शहराने हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला. तेथे 1997 साली बंदराच्या रक्षणासाठी कायदा झाला, आणि 2004 मध्ये तेथील अंतिम अपील न्यायालयाने ठरवले की, भराव टाकण्यासाठी इतर हितांहून वरचढ अशी आजची सार्वजनिक गरज असावी, दुसरा व्यवहार्य मार्ग नसावा आणि बंदराची हानी कमीत कमी व्हावी. भराव किती वर्षे टिकेल, हा त्यातला निकष नव्हे. मुलांनी वादविवादाला या तीन कसोट्या घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

म्हणून ‘शाश्वत’ला थेट ‘भराव’चे विशेषण करू नये, ते ‘विकास’कडेच राहू द्यावे. विषय असा लिहिता येईल: ‘दाट वस्तीच्या शहरात बंदरालगत समुद्रात भराव टाकून जमीन तयार करणे शाश्वत विकासाला धरून आहे काय?’ वाक्य लांबले आहे, पण ‘धरून’ या शब्दामुळे ‘कायमचा’ हा अर्थ उरत नाही, आणि फळ्यावर ते दोन ओळींत मावते.