चित्रकला शिकायला जळगाव जिल्ह्यातच राहावं की पुण्याला जावं?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे हे लिहायला बसले. बारावी झाली, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शालेय परीक्षेत ए ग्रेड आहे, पुण्यातल्या एका खासगी संस्थेत प्रवेश मिळतोय आणि वडील त्यासाठी कर्ज काढायला तयार आहेत, इथपर्यंत ठीक. पण पुढे तुम्ही लिहिलंय, ‘मामा म्हणतात, इकडचं कॉलेज म्हणजे ज्यांचा कुठेच नंबर लागत नाही त्यांचं.’ हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे. आमच्याकडे ते माझ्या थोरल्या काकांच्या तोंडी होतं. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

माझं मत सरळ सांगते. कर्ज काढून पुण्याच्या खासगी कॉलेजात जाऊ नका. सुरुवातीची वर्षं इकडेच शिका, फक्त शिकवणारा माणूस पारखून घ्या.

मी यावल तालुक्यातली. आमच्या घरात एकाच जूनमध्ये दोन प्रवेश झाले. चुलतभाऊ पुण्याला गेला, एका खासगी डिझाइन संस्थेत. मी घरून एसटीनं जाऊन-येऊन करता येईल अशा कला महाविद्यालयात. त्याच्या फीपायी केळीच्या अख्ख्या हंगामाचे पैसे गेले, वर बँकेचं कर्ज झालं. माझ्यासाठी एसटीचा पास, एक ड्रॉइंग बोर्ड आणि रंग-कागद एवढाच खर्च. इंटरमिजिएटला ए ग्रेड माझी होती, त्याची बी. पण पोरगी जवळ असलेली बरी, असं मोठ्यांनी ठरवलं. त्याचा मला फार राग आला होता. कॉलेज सुरू झाल्यावर कॉलेजवरचा राग गेला. आबांवरचा राहिला.

कॉलेजची इमारत बघून कुणी प्रवेश घेतला नसता. पत्र्याचं छत, मार्च लागला की दुपारी पोस्टर कलर प्लेटमध्येच वाळायचा. डाँकी, म्हणजे बोर्ड टेकवून चित्र काढायची बाकडी, कमी, त्यामुळे उशिरा येणारे जमिनीवर बसायचे. पण आमचे सर स्वतः रोज काढायचे. वर्ग सुरू व्हायच्या आधी यायचे आणि खिडकीपाशी बसून समोर दिसेल ते काढायचे, कधी सायकल, कधी नळावरची बादली. मुलांनी बघावं म्हणून नाही, त्यांना त्याशिवाय करमत नसे.

हेड स्टडीला, म्हणजे समोर माणूस बसवून त्याचा चेहरा काढायच्या तासाला, मॉडेल म्हणून ते गावातलीच माणसं आणायचे. एकदा केळीच्या बागेत मजुरीला जाणारी एक आजी आली. सरांनी बोर्ड उचलू दिले नाहीत. म्हणाले, आधी तिच्याशी बोला. मग आम्ही बोललो. सून कशी, नातू कितवीत, गुडघा कधीपासून दुखतो. बोलता बोलता तिच्या हातांकडे लक्ष गेलं. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावर पडले की जात नाहीत हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिच्या लुगड्याच्या पदरावर ते होतेच, बोटांच्या पेरांतही बसलेले होते. काळे दिसायचे, पण काळे नव्हते. सर म्हणाले, या डागाचा रंग पेटीतल्या कुठल्या नळीत आहे ते शोधा, काळ्याला हात लावायचा नाही. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा निळा घालून तो रंग जमवता जमवता अख्खी सकाळ गेली. सावलीत काळा रंग का घालू नये, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकात ते एका ओळीत दिलेलं असतं आणि तसंच वाचून विसरलं जातं.

जेवणाच्या सुट्टीत आजी उठली आणि सगळ्यांच्या बोर्डांसमोरून एकेक करत फिरली. एकापुढे थांबून म्हणाली, ‘हे डोये माहे नही. माह्या डोयातून पानी येतं, ते कुठी हाये?’ तिच्या डोळ्यांना खरंच सारखं पाणी यायचं, ती पदरानं टिपत होती, आणि वर्गात कुणीही ते काढलेलं नव्हतं. सरांनी दुपारी पुन्हा सगळ्यांना नवीन कागद लावायला सांगितले. जिचं चित्र काढायचं, तीच चित्राची चूक सांगते, असा वर्ग पुण्यात कितीही फी भरली तरी विकत मिळणार नाही. कारण ती आजी आमच्याच भाषेत बोलत होती आणि तिला आमची भीड वाटत नव्हती.

दुसरी गोष्ट अजिंठ्याची. जळगावपासून साठेक किलोमीटर. अजिंठा आपल्या खानदेशात मोडत नाही, वेशीवर आहे, पण तिथून निघणाऱ्या वाघूर नदीवरच्या धरणाचं पाणी जळगाव पितं. आमच्याकडची माणसं तिथे पाहुण्यांना घेऊन जातात, लेण्यांपुढे फोटो काढतात आणि फर्दापूरला जेवून परत येतात. सर आम्हाला एका दिवसात एकच लेणं दाखवायचे. पहिल्या लेण्यात पद्मपाणी या कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभं करून म्हणायचे, चेहरा बघू नका, फक्त कमळ धरलेला हात बघा. गर्दीत आत बसून काढता येत नसे. म्हणून बघायचं, बाहेर यायचं, आणि नदीकडच्या पायऱ्यांवर बसून तो हात आठवून काढायचा. जमला नाही की पुन्हा आत. शाळेत स्मरणचित्र म्हणजे ‘बाजार’, ‘पावसातली शाळा’ असले पाठ केलेले देखावे असतात. आम्ही तिथे खरं स्मरणचित्र शिकलो.

रंगांचंही तसंच. भिंतीवर आधी भुसा मिसळलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर रंग. लाल आणि पिवळा गेरूसारख्या मातीचे, काळा काजळीचा, हिरवाही दगडातलाच. फक्त निळा लाजवर्द या निळ्या दगडाचा, तो लांबून आणलेला. सरांनी आम्हाला परतीच्या वाटेवर गेरू आणि पिवळी माती गोळा करायला लावली, वर्गात ती खलून, गाळून, डिंकात कालवून रंग बनवायला लावला. ट्यूबमधून पिळलेला रंग आणि हातानं खललेला रंग कागदावर वेगळे बसतात. खललेल्याला कण असतो, उजेड त्यावर अडतो. बोटानं चाचपलं तरी कळतं.

आता चुलतभावाचं. दिवाळीला तो त्याचं फोल्डर घेऊन यायचा. लोगो, व्हिजिटिंग कार्डं, पोस्टरं, सगळे कॉम्प्युटरचे गुळगुळीत प्रिंट. घरात कौतुक व्हायचं. मी विचारलं, स्केचबुक दाखव. स्केचबुक नव्हतं. वेळापत्रकात लाइफ ड्रॉइंग होतं, पण ते शिकवायला माणूस नव्हता, म्हणून तो तास सॉफ्टवेअरला दिलेला. एवढ्या पैशात त्याच्यासमोर एकदाही जिवंत माणूस बसवला गेला नाही. त्यानं तक्रार केली तर फी परत मिळत नाही म्हणून सांगितलं. तो हुशार आहे, पुढे त्याला नोकरीही चांगली लागली, पण हात तयार झाला नाही हे तो स्वतः म्हणतो. कर्ज मात्र काकूंनी दागिने मोडून फेडलं.

आणि तरीही त्याच्या लग्नात, भर मांडवात, नवरीकडच्या लोकांसमोर आबा माझ्याकडे हात करून म्हणाले, ‘ही पन चित्रं काढते, पन इकडच्याच कॉलेजात शिकली. ज्याचा कुठी नंबर लागत नही, त्याचं कॉलेज ते.’ मग म्हणाले, गावाकडे राहून कोण कधी चित्रकार झालाय? तेव्हा लग्नघर म्हणून मी गप्प बसले. उत्तर तुम्हाला देते, कारण तुमच्या मामांनाही तेच द्यावं लागेल.

आबांची आवडती गोष्ट म्हणजे १९३६ चं फैजपूर काँग्रेस अधिवेशन. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, आमचे पणजोबा बैलगाडीतून गांधीजींना बघायला गेले होते, ही गोष्ट ते दर पाहुण्याला सांगतात. त्या अधिवेशनाची सजावट कुणी केली होती? नंदलाल बोस यांनी. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार गांधीजींच्या सांगण्यावरून यावल तालुक्यात आला आणि इथल्याच बांबूत, इथल्याच साहित्यात त्यानं काम केलं. हेच नंदलाल त्याआधी तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आले होते. त्याच्याही आधी, १८७२ पासून, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच भिंतींपुढे वर्षानुवर्षं काम करत होते. मुंबईची मुलं शिकायला आपल्या दाराशी येत होती. आणि आपण आपल्या पोरांना सांगतो की इथे शिकण्यासारखं काही नाही.

चाळीसगावचे केकी मूस घ्या. १९१२ चा जन्म, इंग्लंडमध्ये शिकून आले आणि मुंबई सोडून चाळीसगावला राहिले. आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर न पडता त्यांनी त्या घरात फोटोग्राफी, चित्रं, शिल्पं केली. टेबलावर मांडणी करून काढलेली त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं बघा. साध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केलेत. ते घर आता संग्रहालय आहे, चाळीसगाव स्टेशनपासून चालत जाता येतं. तुम्ही कुठलंही कॉलेज निवडा, पण निवडायच्या आधी तिथे एक दिवस घालवा. मामांनाही न्या.

तर कॉलेज पारखायचं कसं? प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका, तेव्हा सगळीकडे रांगोळी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मधल्याच एखाद्या दिवशी जा, ते जमत नसेल तर आत्ता शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. भिंतीवरची चित्रं कुठल्या सालची आहेत ते वाचा. दहा वर्षांपूर्वीची एकच चांगली चित्रं टांगलेली असतील तर समजून जा. बेसिनमध्ये रंगाचे डाग ओले आहेत का बघा. सरांना सरळ विचारा, तुमचं सध्याचं काम बघायला मिळेल का? जो शिक्षक आनंदानं कपाट उघडतो त्याच्याकडे राहा. जो नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) श्रेणी, निकाल आणि प्लेसमेंट सांगतो त्याला नमस्कार करून या. खिरोद्यासारख्या लहान गावात सप्तपुट ललित कला भवन आहे, तिथूनच सुरुवात करा. जळगाव, धुळ्याकडेही चौकशी करा.

जी.डी. आर्ट की बीएफए, हे तुम्ही विचारलं होतं. जी.डी. आर्ट हा राज्य शासनाचा डिप्लोमा, बीएफए ही विद्यापीठाची पदवी. पुढे एमएफए, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायचं किंवा कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर पदवी घ्या. नुसतं चित्र काढायचं असेल तर दोन्हींत फरक शिक्षकाचाच. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक होण्याचा डिप्लोमा, करून लगेच शाळेत चिकटू, या भरवशावर राहू नका. पूर्णवेळ कलाशिक्षकाच्या जागा फारच कमी निघतात.

दोन-तीन गोष्टी मात्र माझ्या मताच्या विरुद्ध जातात, त्याही सांगते. प्रवेश परीक्षेत (सीईटीत) नंबर लागून मुंबईचं जे.जे. किंवा संभाजीनगर, नागपूरचं शासकीय कॉलेज मिळत असेल, तर डोळे झाकून जा. शासकीय कॉलेजांची फी खासगीच्या मानानं फार कमी आहे आणि ग्रंथालयं मोठी आहेत. माझा विरोध कर्जाला आणि खासगी चकचकाटाला आहे, घर सोडण्याला नाही. ॲनिमेशन किंवा जाहिरातीकडेच जायचं पक्कं असेल तर इकडे त्याची सोय तोकडी आहे. इकडे प्रदर्शनंही कमी होतात. मूळ चित्रं बघायला मुंबईला जावंच लागतं, रात्रीच्या गाडीनं जाऊन जहांगीर आर्ट गॅलरी बघून परत येता येतं. आणि मी स्वतः भुसावळला इंटरमिजिएटचे आणि सीईटीचे वर्ग घेते, म्हणून माझा कल इकडे आहे हे धरून चाला. केकी मूस परदेशात शिकले होते, हा मुद्दा मामा काढतील. काढू द्या. शिकून आल्यावर आयुष्यभराचं काम त्यांनी चाळीसगावातच केलं.

बीएफएसाठीची एएसी सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा यंदा हुकली असेल तर पुढच्या वर्षी द्या, तोवर फाउंडेशन या पायाभूत अभ्यासक्रमाला इकडेच बसा. त्या परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र (डिझाइन) आणि स्मरणचित्र असतं, सामान्य ज्ञानाचाही पेपर असतो. स्मरणचित्रासाठी आठवडे बाजारात जा, भरताची वांगी विकणाऱ्या बाईपुढे थोडा वेळ उभे राहा, फोटो काढू नका, घरी येऊन काढा. रोज एक. आणि वडिलांना म्हणावं, ते कर्जाचे कागद तूर्त बँकेत देऊ नका.