कामगार संघटनांची संयुक्त समिती मोर्चे काढण्यापलीकडे करते काय?

प्रश्न असा आहे: प्रत्येक कारखान्याला आपापली युनियन असताना जिल्ह्याच्या नाहीतर राज्याच्या पातळीवर सगळ्या युनियनांची मिळून वेगळी समिती कशाला? तिचा इतिहास काय, आणि मोर्चे काढण्यापलीकडे तिचा उपयोग काय?

मोर्च्याला इतकं हलकं लेखलेलं वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

कायद्याचं आधी सांगते. अशा समितीला करारावर सही करायचा अधिकार नसतो. मॅनेजमेंटसमोर बसते ती मान्यताप्राप्त युनियन. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याखाली सहा महिने सलग ३० टक्के सभासद दाखवून औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता घ्यावी लागायची. समितीकडे ना मान्यता, ना सभासद, ना वर्गणीची पावती. तिने किती करार केले हे मोजून तिला निकामी ठरवणाऱ्यांना तिचं काम कधी कळलेलंच नसतं.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग कच्चा माल येईना, मग पर्सनल मॅनेजर सांगू लागला की परराज्यात करसवलत मिळते आहे, इथे परवडत नाही. आम्ही मागणीपत्र दिलं आणि महिन्याभरात गेटला टाळं. आमच्या युनियनवर कोर्टाचा मनाई हुकूमही आणला, गेटच्या जवळपास फिरकायचं नाही.

एका रात्री समोरच्या टपरीवर ट्रेलरचे ड्रायव्हर चहा प्यायला थांबले. मशीन भरायच्या आहेत, असं त्यांच्याच तोंडून निघालं. टपरीवाल्याने आमच्या कमिटी मेंबरला गाठलं. त्याने पीसीओवरून, म्हणजे सार्वजनिक फोनवरून, पहिला फोन समितीच्या कार्यकर्त्याला लावला, आमच्या सेक्रेटरीला नंतर. आणि सगळ्यात आधी गेटवर कोण आलं असेल? समोरच्या केमिकल कारखान्याचे तिसऱ्या पाळीला निघालेले कामगार. त्यांचा झेंडा वेगळा, आमचा वेगळा. एरवी निवडणुकीत एकमेकांचे फलक फाडणारे लोक डबे बाजूला ठेवून ट्रेलरसमोर रस्त्यावर बसले. मनाई हुकूम आमच्यावर होता, त्यांच्यावर नव्हता. मॅनेजमेंटच्या वकिलाने हा विचारच केला नव्हता.

मी घणसोलीहून पहाटे पोहोचले तोवर आजूबाजूच्या कारखान्यांची पहिली पाळी येऊन उभी होती. पोलीस आले. समितीतले एक म्हातारे पुढारी, आयुष्य मुंबईच्या गिरणगावात काढलेले, इन्स्पेक्टरसमोर गेले आणि आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, शंभराच्या वर कामगार आहेत. कंपनी बंद करायला सरकारची परवानगी लागते. ती दाखवायला सांगा, आम्ही उठतो." परवानगी घेतलेलीच नव्हती. ट्रेलर रिकामे परत गेले. त्यानंतर कुठे मॅनेजमेंट लेबर कमिशनरच्या कार्यालयात तारखेला हजर राहू लागलं.

टाळेबंदीच्या दिवसांत शेजारच्या कारखान्यांच्या गेटवर पगाराच्या दिवशी आम्ही बायका चादर धरून उभ्या राहायचो. लोक येता-जाता नोटा टाकायचे. एका कारखान्याच्या ग्राहक सोसायटीने तेल-डाळ उधार दिली. कुठल्या गेटवर कधी उभं राहायचं, कुणाच्या पगाराची तारीख कोणती, हे समितीच्या वहीत लिहिलेलं असायचं. तुम्ही विचारता ना, मोर्च्यापलीकडे काय? हे. आणि मोर्च्यात एकमेकांचे चेहरे ओळखीचे झाले नसते तर मध्यरात्रीच्या फोनवर कोण आलं असतं?

आता इतिहास. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि १८९० ची रविवारची सुट्टी सगळ्यांना पाठ असते, ती इथे सांगत नाही. संयुक्तपणाचा खरा धडा १९२८ च्या गिरणी संपाचा. ना. म. जोशींची मवाळ युनियन आणि लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, नवी गिरणी कामगार युनियन यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, तरी संयुक्त संप समिती झाली, सतरा मागण्यांचं एक पत्रक झालं आणि संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात आयटक, म्हणजे देशभरच्या युनियनांची मध्यवर्ती संघटना, फुटली. जोडणं आणि फुटणं हे पहिल्यापासून असंच चालत आलंय.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ७ नोव्हेंबर १९३८. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहाचं बिल आणलं. सक्तीची तडजोड, आणि ती चालू असताना संप केला तर गुन्हा. त्याविरुद्ध मुंबई प्रांतिक ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे तुम्ही विचारता तशीच प्रांतातल्या युनियनांची परिषद, आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र आले. एक दिवसाचा संप झाला, कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे एका व्यासपीठावर. हे सोपं नव्हतं. गिरण्यांच्या विणखात्यात दलित कामगारांना शिरकाव नव्हता आणि लाल बावट्याने त्यावर जोर लावला नाही, हा बाबासाहेबांचा राग होता आणि तो रास्त होता. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला होता. तरी १९३८ ला ते आले, कारण संपाचा हक्क गेला तर सगळ्यांचाच जाणार होता.

बिल मंजूर झालंच. म्हणून कुणी त्या संपाला फुकट म्हणू नये. त्याच कायद्याच्या जागी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला आणि त्याने एका भागातल्या एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन ठरवून टाकली. परिणाम १९८२ ला दिसला. १८ जानेवारीपासून अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे रस्त्यावर, आणि कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलणार राष्ट्रीय मिल मजदूर संघ, ज्याला कामगारांनी कधीच सोडलं होतं. आमचे ते म्हातारे पुढारी त्याच संपातून आमच्या पट्ट्यात आले होते. मान्यतेचा कागद एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला असली की काय होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून प्रत्येक झेंड्याला एका खोलीत बसवायचा त्यांचा हट्ट.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, याच पट्ट्यात एका परदेशी कंपनीत होते. त्यांची अंतर्गत युनियन, समितीपासून चार हात लांब. "बाहेरच्यांना आत घेतलंत म्हणून तुमची कंपनी गेली," हे मी कित्येक गणपतींत पंगतीला ऐकलंय. कंपनी पुढे काही वर्षांनी बंद झाली, हे खरं. पण ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, भरपाई, सगळं हातात ठेवून बंद झाली, रात्रीत मशीन पळवून नाही. भाऊजींना व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, रक्कम आमच्यापेक्षा मोठी मिळाली, तीही ते ऐकवतात. भाऊजी, ती रक्कम तुमच्या कंपनीने प्रेमाने दिली नाही. त्या काळात पट्ट्यातल्या प्रत्येक मॅनेजमेंटला ठाऊक होतं की गेटला टाळं लावलं तर शेजारची पाळी येऊन बसते. चेक तुमच्या नावाचा होता, धाक आमचा होता.

समितीचे दोषही सांगायला हवेत. चादर धरायला आम्ही बायका आणि व्यासपीठावर सगळे पुरुष. समितीत एकही बाई नव्हती, हे मी तेव्हाही बोलले होते. कंत्राटी कामगारांना कुणी बैठकीला बोलवत नसे, आणि आज गेटच्या आत बहुतेक तेच आहेत. काही समित्या लेटरहेडपुरत्या उरल्यात, विधानसभेची निवडणूक लागली की पक्षाप्रमाणे पांगतात.

तुम्ही कामगार असाल तर हे बघा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार तीच वाटाघाटी करणार. कुणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाटी परिषद बसणार, तिच्यात दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणजे झेंडे वेगळे ठेवून एकत्र बसायची सवय आता कारखान्याच्या आतही लागणार आहे. दुसरं, बंद करायच्या परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली आहे. आम्ही शंभराच्या वर होतो, पण तीनशेच्या बरेच खाली. आज आमची कंपनी असती तर त्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांना इन्स्पेक्टरकडे परवानगीचा कागद मागताच आला नसता. तेव्हा अंतर्गत युनियन पुरे म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. शेजारच्या कारखान्याच्या कमिटीशी ओळख आजच करून घ्या, त्यांच्या गेट मीटिंगला जा, आणि तुमच्याकडच्या कंत्राटी मुला-मुलींना सोबत न्या.